मागील दार

आर्मांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, त्याच्याकडे वाकून आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलले आणि फोनचं तोंड उल्काबाईंकडे वळवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून एक ठणठणीत बाई बोलली.

"आपण सादर केलेल्या कढीमुळे मी अत्यंत प्रभावित झालो आहे. कृपया अधिक प्रदान करा."

श्यामराव हसू दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. उल्काबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पातेलं पुढे ओढलं आणि व्याह्यांच्या वाटीत डावभर कढी वाढली. फोनमधल्या त्या बाईचं मराठी त्यांना खरं तर फारसं खटकलं नव्हतं. जरा जड होतं, पण व्याकरण कुठे चुकलेलं नव्हतं, आणि शाळेत उभा जन्म मराठी शिकवलेल्या माणसाला तेवढं पुरे असतं.

"बघ, अरमानरावांना आपली कढी आवडली," श्यामराव डोळे पुसत म्हणाले. आर्मां हे नाव त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या सोयीचं करून घेतलं होतं. व्याह्यांचीही त्याला हरकत नव्हती.

आर्मां त्रांब्ले म्हणजे उल्काबाई-श्यामरावांच्या मुलाचे, यज्ञेशचे सासरे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातून, जिथे लोक फ्रेंच बोलतात, ते कोकणात पावसला आले होते ते जावयाच्या वर्षश्राद्धाला. बरोबर नात होती, मनस्विनी. नातीची आई इझाबेल आली नव्हती. तिला अजून त्या विषयाजवळसुद्धा जाववत नाही, असं तिच्या बापानं फोनमधल्या बाईकडून कळवलं होतं.

यज्ञेश एकुलता एक. गेल्या पौषात तिकडे बर्फावरून त्याची गाडी घसरली. व्हिसा आणि वादळ यांच्या कचाट्यात आईबाप वेळेवर पोचू शकले नाहीत. सगळं तिकडच्या तिकडे उरकलं आणि उल्काबाईंनी ते लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं. एक मोठी थंड खोली, काळे कोट घातलेली माणसं, एकामागून एक फ्रेंच भाषणं. त्या सगळ्यातलं त्यांना मुलाचं नाव तेवढं कळत होतं, आणि तेही लोक 'याग्नेश' असं म्हणत होते. आपला मुलगा परक्या भाषेत मेला, असं त्यांच्या मनानं त्या दिवशी घेतलं. ते वर्षभर गेलं नाही.

समोर बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीनं भात कढीत कालवला, बोटांनी नीट गोळा केला आणि तोंडात घातला. जेवणं तिला हातानं येत होतं. बोलणं येत नव्हतं. फाटकातून आत आली तेव्हा तिनं दोन्ही हात जोडून, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारून म्हटलं होतं, "नमस्कार, आजी." फोनवरही ती इतकी वर्षं तेवढंच म्हणत आली होती. त्यापुढे तिच्याकडून मराठीचा एक शब्द निघाला नव्हता. उल्काबाईंनी धडा वाचून दाखवावा तसं सावकाश, सुटं सुटं बोलून पाहिलं. इंग्रजीतून पाहिलं. मुलगी खाली बघून मान हलवायची आणि संधी मिळताच मागीलदारी पळायची.

लहान असताना ती इतकी बुजरी नव्हती. चार वर्षांची असेल, व्हिडिओ कॉलवर एकदा आपणहून पडद्याला नाक लावून म्हणाली होती, "आजी, मना ताप आलाय." बोबडी होती तेव्हा. परदेशातलं पोर, चुकायचंच. उल्काबाईंनी कौतुकानं, अगदी मऊ आवाजात सांगितलं होतं, "'मना' नाही बाळा. 'मला'. म्हण पाहू, मला ताप आला आहे." मुलीनं बापाकडे पाहिलं, आणि यज्ञेशनं हसतहसत फोन आपल्याकडे घेतला. त्यानंतरच ते 'नमस्कार, आजी' सुरू झालं. उल्काबाईंना ते सुधारलेलं मराठी ऐकून बरं वाटलं होतं.

हे सगळं कुणाच्या माथी मारायचं ते त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. आर्मांच्या घरात जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलायला बंदी आहे, हे यज्ञेशनंच सांगितलं होतं. "आई, इथे कुणी इंग्रजी बोललं की म्हातारा त्याच्या समोरचं मीठ उचलून नेतो." तेव्हा त्याही हसल्या होत्या. आता हसू येत नव्हतं. ज्या घरात इंग्रजीची ही गत, तिथे मराठीला कोण पाट मांडणार? स्वतःची भाषा जगवायच्या नादात या माणसानं आपल्या नातीच्या तोंडची भाषा काढून घेतली, आणि आता वर कढी मागतोय.

त्यांनी कढी वाढली. व्याही शेवटी व्याहीच.

*

संध्याकाळी ऊन उतरलं की आर्मां पुढच्या पडवीत येऊन बसत. समोर कलमांना मोहोर धरला होता आणि श्यामराव दिवसभर फवारणीच्या मागे असत, पण दिवेलागणीच्या आधी तेही हातपाय धुऊन येत. मग तांब्याला टेकवलेला फोन, दोन म्हातारे आणि उल्काबाई, अशी बैठक जमे. आर्मांना बोलायला हवं असे. एकदा सुरू झाले की फोनमधल्या बाईला दम खाऊ देत नसत.

त्या दिवशी ते आपल्या बापाबद्दल बोलले. बाप कारखान्यात मजूर. प्रांत फ्रेंच बोलणाऱ्यांचा, पण मालक इंग्रजीवाले, मुकादम इंग्रजीवाले. हुकूम इंग्रजीत, शिव्याही इंग्रजीत. आपापसात फ्रेंच बोलला म्हणून बापाला एकदा पाळीवरून घरी पाठवलं. तो घरी आला आणि काही न बोलता ओट्यावर बसून राहिला. आर्मां तेव्हा लहान होते. त्यांना वाटलं, बाप आजारी पडला.

"आमच्या प्रांतात आम्ही बहुसंख्य होतो," फोनमधली बाई सांगत होती, "परंतु संपूर्ण देशात आम्ही मूठभर होतो. म्हणून आम्ही स्वतःचा देश मागितला."

मागितला म्हणजे मतदानानं मागितला. एकदा आर्मां तरुण असताना, आणि दुसऱ्यांदा इझाबेल दहाएक वर्षांची असताना. दोन्ही वेळा हरले. पहिल्यांदा सपाटून. दुसऱ्यांदा मात्र निकाल शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात होता. गावाच्या सभागृहात सगळे जमलेले, गालांवर निळीपांढरी निशाणं रंगवलेली. आधी पुढे होते. लोक गाऊ लागले. मग आकडे सरकत सरकत मधल्या रेघेवर आले, तिथे थांबल्यासारखे वाटले, आणि केसाएवढ्या फरकानं पलीकडे गेले. कारखान्यात लोखंड उचलणारे गडी मुलांसारखे रडले. इझाबेल बापाचा हात ओढत विचारत राहिली, पापा, आता आपण कोण?

"मग तुम्ही काय सांगितलंत?" उल्काबाईंनी विचारलं. फोननं ते फ्रेंचमध्ये विचारलं.

आर्मांनी हाताच्या तळव्यानं तोंडावरून घाम पुसावा तसं केलं. घाम नव्हता.

"मी म्हणालो, काल होतो तेच."

"आणि पुढे?"

"पुढे काहीही नाही. दुसऱ्या दिवशी मी पाळीवर गेलो."

श्यामराव कुठेतरी लांब मोहोराकडे बघत होते. उल्काबाईंना त्या म्हाताऱ्याची दया आली, आणि आपल्याला ती यावी याचा रागही आला. पण भाषेचं दुःख त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनीही मग सांगितलं. मराठी शाळा कशा ओस पडल्या, पोरं इंग्रजी शाळेत जाऊन धड इकडची ना तिकडची कशी झाली, आपण पुण्याहून लग्न होऊन इथे आलो तेव्हा वर्गात कसलं कसलं बोलणं ऐकू यायचं आणि एकेका मुलाची जीभ घासूनपुसून आपण ती कशी स्वच्छ केली. आर्मां लक्ष देऊन ऐकत होते. मग ते थोडे पुढे झुकले.

"इंग्रजीवाले परके होते, त्यांनी दिलेले दुःख कमी होते," फोन म्हणाला. "आमच्याच भाषेची माणसे पॅरिसहून येत आणि आमचे बोलणे ऐकून हसत. लाकूडतोड्यांची फ्रेंच, असे म्हणत. एका महिलेने माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझे वाक्य दुरुस्त केले. मी तिला म्हणालो होतो की माझी आई वारली आहे."

"शी! काय हा उद्धटपणा!" उल्काबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्यांना मनापासून चीड आली होती. "माणूस काय सांगतंय ते ऐकायचं सोडून!"

सखू केर काढत पडवीच्या या टोकाला आली होती. ती श्यामरावांच्या खुर्चीपाशी अडली.

"पाय वाईच वर घ्या, भाऊ."

"वाईच नाही सखू, जरा," उल्काबाई म्हणाल्या, आणि पुन्हा फोनकडे वळल्या.

सखूनं केर पुढे लोटला.

सखू या घरात यज्ञेशच्या जन्मापासून होती. उल्काबाई सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला शाळेत जात त्या तिन्हीसांजेला परत येत. तेवढा वेळ पोर सखूच्या काखेत. वरच्या कुणबीवाडीतून ती यायची आणि पोराला घेऊन मागीलदारी बसायची, फणसाखाली. यज्ञेश पहिलीत गेला आणि बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांनी काहीतरी विचारल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "मना नाय ठावं." लोक हसले. मराठीच्या बाईंचा मुलगा! त्याच संध्याकाळी उल्काबाईंनी सखूला शांतपणे सांगितलं होतं, "तू त्याला सांभाळ, जेवायला घाल, झोपव. पण त्याच्याशी बोलू नकोस." पुढे मुलगा त्यांच्याशी इतकं सुरेख, छापल्यासारखं मराठी बोलू लागला की वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिला आला. परदेशातूनही तो त्यांच्याशी तसंच बोलायचा. "आई, तुझी प्रकृती कशी आहे?" फोन ठेवल्यावर उल्काबाईंना कधीकधी वाटायचं, हा अजून काहीतरी बोलायचा राहिला. पण त्यात चुकीचं काही सापडत नसे.

सखूला सांगितलेल्या त्या शब्दांत त्यांना आजवर काही वावगं वाटलं नव्हतं.

*

श्राद्धाच्या आदल्या दिवशी उल्काबाईंनी मनाशी काय ते पक्कं केलं. दुपारभर त्या वाक्यं जुळवत होत्या. फोनला नीट कळावीत म्हणून छोटी, सरळ वाक्यं. मुलगी कुठे आहे ते पाहायला त्या एकदा मागच्या दारात गेल्या. मनस्विनी फणसाच्या मुळावर बसली होती आणि सखू तिच्यापुढे नारळाच्या हिरव्या पातीचा काहीतरी चाळा करत होती. उल्काबाईंची चाहूल लागली तशा दोघी गप्प झाल्या. म्हणजे आधीही गप्पच असणार, उल्काबाईंना वाटलं. बिचाऱ्यांना एकमेकींचं कळणार काय?

संध्याकाळी श्यामराव यायच्या आत त्यांनी आर्मांना गाठलं. फोन स्वतःच हातात धरला.

"मनस्विनीला एक वर्ष आमच्याकडे ठेवा. मी तिला मराठी शिकवीन. माझा मुलगा गेला. त्याची भाषा तरी तिच्यात राहू द्या. तुम्हाला भाषेचं दुःख कळतं. म्हणून तुमच्याकडे मागते."

शेवटचं वाक्य त्यांनी जुळवलेल्यातलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि त्यांचा आवाज फाटला.

फोन फ्रेंचमध्ये बोलून थांबला. आर्मांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन बोटांची टोकं कारखान्यात गेलेली होती. मग ते हळूहळू, थांबत थांबत बोलले, आणि ती ठणठणीत बाई थांबत थांबत सांगू लागली.

"माझ्या मुलीने पती गमावला आहे. मी तिचे मूल तिच्यापासून दूर ठेवू शकत नाही. मला क्षमा करा." जरा वेळानं, "भाषेबाबत आपण निश्चिंत असावे. ती प्रतिदिन आपल्या वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलते."

उल्काबाईंना फोन फेकून द्यावासा वाटला. मेलेल्या माणसाशी प्रतिदिन बोलते! यंत्र खुळावलं होतं, नाहीतर म्हातारा तोंडाला पानं पुसत होता. आर्मां अजून काहीतरी सांगत होते, हातवारे करत होते, मागीलदाराकडे बोट दाखवत होते. पण त्या उठल्या. फोन खुर्चीवर तसाच बोलत राहिला आणि त्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. उद्याच्या वड्यांची भाजणी चाळायची होती. चाळण हातात घेतली आणि रडू कोसळलं.

श्यामराव बागेतून आले ते तसेच आत आले.

"अगो, काय झालं?"

"नाही म्हणाले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "स्वतःची वाचवली आणि माझी गिळली. ज्याचं स्वतःचं जाता जाता वाचलंय त्याला तरी दुसऱ्याचं जाताना दिसायला हवं होतं."

श्यामरावांनी त्यांच्या हातातली चाळण काढून घेतली.

"ते काय सांगत होते ते पुरतं ऐकायचं तरी होतंस."

"ऐकलं. यंत्रासारखंच बोलतात."

बाहेर आर्मां पडवीत एकटेच बसून होते.

*

गुरुप्रसाद भटजी सकाळी लवकर आले. पूर्वी उल्काबाईंचाच विद्यार्थी, त्यामुळे मंत्र स्वच्छ म्हणायचा. मुलीच्या हातून करायचं म्हणताना त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. मनस्विनी नवं परकर-पोलकं घालून पाटावर बसली. तो म्हणेल ते शब्द ती मागून म्हणत होती, काही घशातून, काही नाकातून. आर्मां धोतर नेसले होते. श्यामरावांनी नेसवलं होतं, वर स्वतःचाच लोकरी स्वेटर. ते भिंतीशी हात जोडून बसले होते. त्यांच्या ओठांचं काहीतरी चालू होतं, त्यांच्या देवाचं असेल.

"वडिलांचं नाव घे," गुरुप्रसाद म्हणाला.

"यज्ञेश," मुलगी म्हणाली.

उल्काबाईंनी मान वर केली. 'याग्नेश' नव्हतं ते. घरातल्यासारखंच आलं होतं. बापाचं नाव तरी शिकवलंय, त्यांना वाटलं, आणि त्या पुन्हा खाली बघू लागल्या.

सगळं आटपल्यावर गुरुप्रसादनं केळीच्या पानावर भात, वडा, खीर, आमसुलाची चटणी असं सगळं थोडंथोडं वाढायला सांगितलं. "हे कावळ्याचं. बाहेर नेऊन ठेवा आणि हाक मारा. त्यानं घेतलं की मग आपली पानं."

पान मुलीच्या हातात दिलं. ती ते दोन्ही हातांवर सांभाळत, परकरात अडखळत मागीलदारी गेली. तिकडे सखू होतीच. घरात श्राद्धाचा स्वयंपाक असला की सखूनं मागच्या पायरीच्या आत यायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नसे.

बराच वेळ झाला. कावळ्याचा आवाज येईना. श्यामरावांनी आतून विचारलं, "शिवला का गो?" उल्काबाई बघायला उठल्या. मागच्या दाराशी आर्मां आधीच येऊन उभे होते. चौकटीला खांदा टेकून, बाहेर न जाता. उल्काबाई त्यांच्या बाजूला थांबल्या.

विहिरीच्या कठड्यावर पान ठेवलं होतं. माडाच्या झावळीवर दोन कावळे होते, पण खाली येत नव्हते. सखू हात जोडून उभी होती. मुलगी कठड्याला छाती टेकवून वर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. "ये. जेवाला ये."

कावळे हलले नाहीत.

"ये नं रं बाबा. वाईच खा." तिचा आवाज चढला. "तुला भूक लागली असल. मना ठावं हाय. गाडीत बसल्यापासनं कायव खाल्लं नाय तू. वाईच खा नं. मी हाय हितंच. मी कुठंव नाय जात."

ती रडत नव्हती. जेवायला येत नसलेल्या माणसाला घरातलं माणूस जशी हाक मारतं, जरा रागावून, जरा लाडीगोडी लावून, तशी ती हाक मारत होती. एकही शब्द शोधावा लागत नव्हता.

उल्काबाईंनी चौकट धरली. असं कुणी कुणाला जेवायला बोलवायचं ते त्यांना माहीत होतं. शाळेला सुट्टी असली की त्या याच दाराच्या आत वह्या तपासत बसायच्या आणि बाहेर फणसाखालून हे ऐकू यायचं. ये नं रं बाबा, वाईच खा. पहिलीच्या त्या समारंभानंतर ते बंद झालं होतं. त्यांच्या समोर बंद झालं होतं.

आर्मां त्यांच्याकडे वळले. फोन त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी बाहेर मुलीकडे बोट केलं, मग तोंडाशी हात नेऊन जेवल्याची खूण केली, मग जमिनीपासून वीतभर, हातभर, दोन हात उंच असा तळवा नेत नेत दाखवलं, इतकीशी असल्यापासून. त्यांचे डोळे भरले होते आणि तोंडावर अभिमान होता. त्या घरात, त्या टेबलावर, एका भाषेला मिठासकट जागा मिळाली होती, हे त्यांना काल सांगायचं होतं. शेवटी त्यांनी आपलं अर्धं बोट उल्काबाईंच्या दिशेनं केलं. तुमची.

उल्काबाईंना मान हलवता आली नाही. आपली नाही, हे या माणसाला कुठल्या खुणेनं सांगायचं? यज्ञेशनं मुलीला भरवताना, निजवताना, ताप आल्यावर जवळ घेताना जी भाषा वापरली ती त्यांची नव्हती. त्यांच्यासाठी त्यानं ती दुसरी ठेवली होती, धुतलेली, इस्त्री केलेली. आई, तुझी प्रकृती कशी आहे?

पायरीवर त्यांचं पाऊल वाजलं. सखूनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं पुढे आली.

"बाई, मी नाय शिकिवलं. देवाची आन. ती आली तवापासनंच बोलतीय अशी. मी नुसती जाब देत व्हते." तिनं दोन्ही हात जोडले. सत्तरीची बाई. "मी तुमचा शब्द मोडला नाय, बाई."

उल्काबाईंना काहीतरी म्हणायचं होतं.

सखूच्या बोलण्यानं मुलगी दचकून मागे वळली होती. आजीला पाहून तिचं तोंड मिटलं. तिनं परकराला हात पुसले, पाय जुळवले, दोन्ही हात जोडले आणि एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत म्हणाली, "नमस्कार, आजी."

एकही चूक नव्हती.

उल्काबाई मागच्या पायरीवर बसल्या. नऊवारी धुळीत आली, आर्मांनी सावरायला हात पुढे केला, तोही त्यांना दिसला नाही. मुलगी तशीच हात जोडून उभी होती, पुढे काय म्हणायचं ते न कळून. उल्काबाईंनी बोलायला तोंड उघडलं. जिभेवर आलं ते 'तू जेवणार का, बाळा?' ते त्यांनी गिळलं. दुसरं त्यांना येत नव्हतं.

"सखू," त्या म्हणाल्या, "हिला विचार, जेवतेस का म्हणून."

सखूला कळेना. ती एकदा बाईंकडे बघे, एकदा पोरीकडे.

"तुझ्या बोलीत विचार. माझ्या वतीनं."

सखूनं जोडलेले हात सोडले. ती मुलीजवळ गेली, पण हात लावला नाही.

"मनू बाय," ती अगदी हळू म्हणाली, "आजी इचारतीय. जेवतंस काय गो?"

आतून श्यामराव पुन्हा विचारत होते, शिवला का, शिवला का. मुलीचं लक्ष सखूकडे नव्हतं. ती आजीच्या तोंडाकडे निरखून बघत होती, वर्गात उत्तर देण्याआधी मुलं बाईंच्या तोंडाकडे बघतात तशी.

उल्काबाईंनी नजर खाली घातली.

"व्हय," मुलगी म्हणाली.